तैलरंगात पोर्ट्रेट शिकायचे तर कॉपी कोणाची करावी आणि कशी?

प्रश्न थोडक्यात असा: कोळशाने आणि पेन्सिलीने चेहरा बऱ्यापैकी उतरतो, जलरंगही हाताळले आहेत, पण तैलरंग नवे आहेत आणि शिकवणारे कोणी जवळ नाही. अशा वेळी एखाद्या मोठ्या वास्तववादी चित्रकाराच्या पोर्ट्रेटची कॉपी करून तैलरंग शिकता येतील का? चित्र कोणते घ्यावे, सामान काय लागेल, आणि अशी कॉपी करणे गैर तर नाही ना?

शिकता येतील. अट एकच, आणि ती मी वर्गातही कोणाला सोडून देत नाही: कॉपी संपली की तीच पॅलेट आणि तेच ब्रश घेऊन समोर बसलेल्या माणसाचे डोके रंगवायचे. पुढच्या वर्षी नाही, त्याच आठवड्यात. वर्षानुवर्षे नुसत्या कॉप्या करत राहणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. त्यांचा हात सफाईदार होतो, पण घरातल्या आजोबांना खुर्चीत बसवले की पहिला रंग कोणता कालवायचा हेच त्यांना सुचत नाही. तो निर्णय आजवर दुसऱ्या कोणीतरी त्यांच्यासाठी घेऊन ठेवलेला होता.

तैलरंगात शिकायचा असतो तो क्रम. आधी काय, मग काय, कुठे पातळ, कुठे जाड, कुठे थांबायचे. पूर्ण झालेले चित्र नेमका हाच क्रम लपवते. राजा रविवर्म्याची गोष्ट तुम्ही वाचली असेल. थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय पोर्ट्रेटकार 1868 मध्ये त्रावणकोर दरबारात आला. त्याने शिकवायला नकार दिला, फक्त काम करताना बघू दिले. तेवढेही रविवर्म्याला पुष्कळ झाले, कारण त्याला क्रम बघायला मिळाला. आपल्यासमोर काम करणारा जेन्सन नाही, वाळलेले चित्र आहे. त्यावरून क्रम ओळखायचा, तसे रंगवून बघायचे, आणि आपला अंदाज कुठे चुकला ते पडताळायचे. कॉपी म्हणजे हे काम. चित्र हुबेहूब झाले की नाही ही दुय्यम गोष्ट आहे.

जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन पोर्ट्रेटकाराने नेमके हेच केले. पॅरिसमध्ये तो कारोल्यूस-द्युराँकडे शिकला, आणि हे गुरुजी विद्यार्थ्यांना उठताबसता सतराव्या शतकातल्या व्हेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराचे नाव ऐकवत. 1879 मध्ये सार्जंट माद्रिदला जाऊन प्रादो संग्रहालयात व्हेलास्केझच्या 'लास मेनिनास'ची कॉपी करत बसला; पुढच्या वर्षी हार्लेमला जाऊन फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराच्या समूहचित्रांतली डोकी उतरवली. मग 1882 मध्ये त्याने बॉइट कुटुंबातल्या चार बहिणींचे मोठे चित्र रंगवले, जे आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. मागे काळोखात विरत जाणारी खोली, पुढे उजेडात आलेली लहान मुलगी, मधे भरपूर रिकामी जागा. व्हेलास्केझ त्यात पुरेपूर आहे, पण एकही आकृती त्याच्याकडून उचललेली नाही.

आता चित्र कोणते घ्यायचे. बहुतेक जण सार्जंटपासूनच सुरुवात करतात. मी नको म्हणेन. त्याचा एकेक फटकारा इतका रुबाबदार दिसतो की नवशिका तो रुबाबच उचलतो. त्या फटकाऱ्याआधी पुसून आणि खरवडून टाकलेले रंग त्याला दिसत नाहीत. बुगेरो या फ्रेंच चित्रकाराचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की क्रमाचा मागमूस राहत नाही. उतारवयातला रेम्ब्राँ थरांवर थर चढवतो, वर पारदर्शक रंगाचे हात देतो. फोटोवरून ते उकलणे अनुभवी माणसालाही जड जाते.

माझी शिफारस व्हेलास्केझच्या 'हुआन दे पारेखा' या पोर्ट्रेटची. 1650 साली रोममध्ये रंगवलेले, साधारण 81 बाय 70 सेंटिमीटरचे. हा पारेखा व्हेलास्केझच्या स्टुडिओत राबणारा गुलाम होता. पोप दहावा इनोसंट याचे पोर्ट्रेट करण्याआधी हात बसावा म्हणून मालकाने त्याला समोर उभे केले, असे सांगतात. मार्च 1650 मध्ये हे चित्र रोमच्या पँथिऑनमध्ये लोकांना दाखवले गेले. पालोमिनो या स्पॅनिश चरित्रकाराने पुढे 1724 मध्ये लिहून ठेवले आहे की बाकीची सगळी चित्रे चित्रे वाटतात, हे एकटे मात्र खरे वाटते, असे पाहणारे म्हणाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हेलास्केझने पारेखाच्या मुक्तीच्या कागदावर सही केली, आणि पुढे पारेखा स्वतः चित्रकार झाला. त्याचे 1661 चे संत मॅथ्यूचे चित्र प्रादोमध्ये आहे. पारेखाच्या चेहऱ्यावरचा तो ताठपणा रंगवताना हे ठाऊक असलेले बरे.

पण मी हे चित्र सुचवते त्याचे कारण गोष्ट नव्हे. पहिले कारण, यात क्रम वाचता येतो. सावल्या पातळ आहेत, उजेड जाड आहे, आणि फटकारे पुसून टाकलेले नाहीत. दुसरे, पॅलेट अगदी तुटपुंजी आहे. तिसरे कारण आपल्यासाठी सगळ्यात मोठे: पारेखाची कातडी तपकिरी आहे. युरोपीय गोऱ्या चेहऱ्यांवर हात बसवलेली मुले शेजारच्या काकूंना रंगवायला बसतात आणि काकू गुलाबी होऊन येतात. मग त्यात तपकिरी ओतली की चेहरा मळतो. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर प्रकाश वेगळा वागतो. ते शिकवणारे इतके मोठे चित्र दुसरे मला माहीत नाही.

1970 च्या लिलावात या चित्राला 23 लाख पौंडांहून जास्त किंमत आली, आणि ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेले. आपला फायदा असा की हे संग्रहालय कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे मोठे, स्वच्छ फोटो 2017 पासून मोफत देते. फोटो तिथूनच घ्या. इंटरनेटवर याच चित्राच्या शेकडो प्रती फिरतात. काही पिवळ्या, काही निळसर, काहींचा काळा इतका वाढवलेला की केस आणि पार्श्वभूमी एकच. खरेदीनंतर हे चित्र साफ केले गेले, त्यामुळे जुन्या पुस्तकांतली छपाईही फार काळपट आहे.

फोटो लॅबमधून मॅट कागदावर छापून घ्या आणि त्यांना आवर्जून सांगा की यंत्राचे आपोआप होणारे करेक्शन बंद ठेवा. नाहीतर लॅब तुमच्या भल्यासाठी म्हणून सावल्या उजळून देते आणि सगळा अभ्यास वाया जातो. स्क्रीनवर बघून रंगवू नका. स्क्रीन स्वतःच प्रकाश फेकते, कॅनव्हास फेकत नाही; दोन्हींचे टोन, म्हणजे रंगांचा गडद-फिकेपणा, कधीच जुळत नाहीत. स्क्रीनचा उपयोग आधी, मोठे करून फटकारे बघायला. रंगवायला बसलात की ती बंद. फार मोठे करून बघणारे शेवटी साडेतीनशे वर्षांच्या भेगासुद्धा रंगवतात.

दुसरी एक गोष्ट फोटो दाखवत नाही, ती म्हणजे रंगाची जाडी. त्यासाठी खरी तैलचित्रे बघायलाच हवीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रे आहेत. बडोद्याच्या फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्मा आहे, साताऱ्याजवळ औंधच्या भवानी संग्रहालयातही आहे. पणजीला गेलात तर फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रे बघितल्याशिवाय परत येऊ नका. गोव्यातल्या सांग्याला 1870 मध्ये जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेला आणि शिकवलेला हा माणूस आपल्या लोकांची कातडी अशी रंगवतो की त्यापुढे पुष्कळ समकालीन कच्चे वाटतात. कुठेही गेलात तरी चित्रासमोर नुसते सरळ उभे राहू नका. बाजूला सरका, तिरके बघा. रंगाचा उंचवटा कुठे चमकतो आणि कुठे नुसते कॅनव्हासचे सूत दिसते ते वहीत टिपा. फोटो काढलात तर घरी जाऊन काही उपयोग होत नाही, टिपण काढा.

सामान थोडे लागते. तयार कॅनव्हास घेतला तर 16 बाय 20 इंचांचा घ्या आणि त्यावर पारेखाचे फक्त डोके आणि कॉलर करा. डोके खऱ्यापेक्षा किंचित लहान बसेल. बाजारातला स्वस्त कॅनव्हास खरखरीत असतो आणि तेल पितो; त्यावर ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलके घासा. मग तपकिरी-करडा असा मधला टोन सगळीकडे पातळ लावून घ्या. हा टोन ॲक्रिलिकमध्ये दिला तरी चालतो, कारण ॲक्रिलिकवर तेल चालते. उलटे कधीच नाही. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरू करू नका. पांढऱ्यावर प्रत्येक रंग काळा वाटतो आणि तुम्ही सगळे चित्र दोन टोन फिके रंगवून बसता.

ब्रश हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, फिल्बर्ट (गोलसर टोकाचे) किंवा फ्लॅट, 4 ते 10 नंबरपर्यंतचे चार-पाच पुरेत. एक मऊ ब्रश शेवटच्या कामाला. फॅन ब्रश घरात असेल तर कोणाला तरी देऊन टाका. मिडियमला, म्हणजे रंगात मिसळायला, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्यांत तेल जास्त, हा नियम पाळला की वर भेगा पडत नाहीत. खिडकी उघडी ठेवा. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कचऱ्यात कधी टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असे बोळे स्वतःहून पेट घेऊ शकतात. पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

रंग सहाच घ्या: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक आणि अगदी चिमूटभर कॅडमियम रेड. अँडर्स झॉर्न या स्वीडिश चित्रकाराच्या नावाने पांढरा, ऑकर, व्हर्मिलियन आणि काळा अशी चार रंगांची पॅलेट प्रसिद्ध आहे. ही तिचीच बहीण. निळा नसताना कसे होणार, हा प्रश्न हमखास येतो. आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा घाला आणि तो करडा एखाद्या लालसर तपकिरीशेजारी लावून बघा, तो निळाच दिसतो. काळ्यात ऑकर घातला की हिरवट येतो. पारेखाच्या कपड्यातला तो करडा-हिरवा रंग मिळवायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. व्हेलास्केझ शिशाचा पांढरा वापरत असे. तो विषारी आहे, सहज मिळत नाही, आणि शिकताना नसलेला बरा. पण टायटॅनियम त्याहून जास्त झाकणारा आणि थंड आहे हे ध्यानात ठेवा. हात सैल सोडलात की चेहरा खडू फासल्यासारखा होतो.

रेखाटन. इथे दोन तट आहेत. काही जण ट्रेसिंगला पाप समजतात, काही जण चौकटी आखूनच काम करतात. माझे मत: कोळशाने एकदा नुसत्या नजरेने डोके उतरवून बघा, चुका मोजा, आणि मग कॅनव्हासवर खुशाल ट्रेस करून घ्या. आत्ता तुम्ही रंग शिकताय. नाक पाव इंच सरकले म्हणून चार दिवस त्यात घालवू नका. छापील फोटो आणि कॅनव्हासवरचे डोके एकाच मापाचे ठेवा, दोन्ही शेजारी शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, एकाच उजेडात लावा. रात्री काम करत असाल तर 5000 केल्विनच्या आसपासचा, रंग खरे दाखवणारा दिवा घ्या. घरातल्या पिवळ्या बल्बखाली कालवलेला रंग सकाळी निळा निघतो. सहा-सात फूट मागे जा, तिथून बघून ठरवा, पुढे या, एक फटकारा द्या, पुन्हा मागे. पाय दुखतील. पण खुर्चीत बसून रंगवलेले पोर्ट्रेट लांबून लगेच ओळखू येते. त्यात प्रत्येक पापणी आहे आणि डोके नाही.

रंगाला हात लावण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर फक्त काळा-पांढरा वापरून पाच टोनमध्ये सगळे डोके बसवा. डोळे किलकिले करा, तपशील विरघळू द्या. पारेखात तुम्हाला दिसेल की केस, दाढी आणि सावलीची बाजू हा जवळजवळ एकच गडद आकार आहे. कॉलर सगळ्यात फिकी. चेहऱ्याचा उजेडाचा भाग मात्र तुम्हाला वाटतो तितका फिका नाही; तो कॉलरपेक्षा बराच खाली आहे. बहुतेक कॉप्या इथेच बिघडतात. चेहरा उजळ केला जातो, मग कपाळावरच्या चमकेला वर जागाच उरत नाही.

आता कातडी. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळे कुठेही वाचायला मिळते.

कातडीवरून प्रकाश दोन तऱ्हांनी परत येतो. काही आत शिरून, कातडीचा रंग घेऊन बाहेर येतो. काही वरच्या तेलकट थरावरून थेट परततो. तो कातडीचा रंग घेतच नाही, खिडकीचा रंग घेऊन येतो. गोऱ्या कातडीवर पहिला प्रकाश इतका जास्त असतो की दुसरा त्यात हरवतो. सावळ्या कातडीवर पहिला कमी, दुसरा तेवढाच. म्हणून कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे हाड यांवरची चमक ठळक दिसते, आणि दिवसाच्या उजेडात ती थंड, करडी-निळसर असते. सावळ्या चेहऱ्याचा आकार मुख्यतः या चमकेने घडतो. मूळ रंगातच पांढरा वाढवत नेऊन उजेड दाखवायला गेलात की राख फासल्यासारखे दिसते.

म्हणून ब्रश उचलण्याआधी पॅलेट नाइफने ढीग कालवून ठेवा. उजेडातल्या कातडीचा मूळ ढीग ऑकर आणि लाइट रेडचा, त्यात किंचित पांढरा आणि रॉ अंबर. त्यातूनच एक ढीग पिवळसर, कपाळासाठी. एक लालसर, नाक, गाल आणि कान यांच्यासाठी. कॅडमियम रेडचा ठिपका इथेच. एक हिरवट-करडा, काळा आणि ऑकर घालून, मिशी, हनुवटी आणि जबड्यासाठी. मग हाफटोन: मूळ ढिगात काळ्या-पांढऱ्याचा करडा घालून टोन एक पायरी खाली आणा. उजेडातून सावलीकडे वळताना येणारा हा करडा पट्टा म्हणजे सगळ्या पोर्ट्रेटचा कणा, आणि नवशिक्यांच्या चित्रांतून नेमका तोच गायब असतो. ते उजेडाचा रंग लावतात, सावलीचा लावतात आणि मधे दोन्ही घासून एक करतात. सावलीचा ढीग लाइट रेड, अंबर आणि काळा यांचा, त्यात पांढरा अजिबात नाही. आणि चमकेसाठी पांढऱ्यात कणभर काळा, कणभर ऑकर, वेगळा ढीग, सगळ्यात शेवटी उघडायचा.

ढीग बरोबर आहेत का हे बघायला छापील फोटोवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि त्यावर रंगाचा ठिपका लावा. ठिपका फोटोत मिसळून गेला तर ठीक. एका करड्या कार्डाला लहान भोक पाडून त्यातून फोटोचा एकेक भाग बघा; शेजारचे रंग झाकले गेले की तुम्हाला भगभगीत वाटलेला उजेड प्रत्यक्षात किती खाली आहे ते कळते. हा एक तास कंटाळवाणा जातो. पण यानंतरची तीन बैठकींची झटापट वाचते.

लावायचा क्रम. पहिल्या बैठकीत सावल्या टर्पेंटाइनने पातळ केलेल्या, खालचा टोन थोडा दिसू देणाऱ्या. केस, दाढी, भुवयांखालची जागा आणि सावलीची बाजू एकाच हातात, एकमेकांत मिसळलेली. डोळ्यांची बुबुळे आत्ता काढायची नाहीत, नुसता खड्डा. लगेच पार्श्वभूमीही लावा, कारण केसांची कड कोरड्या कॅनव्हासवर ठरवता येत नाही. मग हाफटोन, जाडी मध्यम. मग उजेड, भरपूर रंग घेऊन, आकाराच्या दिशेने. एक फटकारा दिला की ब्रश उचलायचा. तो चुकला तर नाइफने काढून पुन्हा द्या. तिथेच घासत बसलात की रंगाचा चिखल होतो. पालोमिनो लिहितो की व्हेलास्केझ लांब दांड्यांचे ब्रश वापरत असे. तुम्हीही दांडा टोकाकडे धरा, पेनासारखा नाही. हात अडखळतो, आणि तेच हवे आहे. त्याने बारीकसारीक करण्याची सवय सुटते.

कडांकडे एक संपूर्ण बैठक द्या. पारेखाचे केस पार्श्वभूमीत कुठे विरतात, कुठे ठळक होतात. गालाची सावलीकडची कड किती मऊ आहे. आणि कॉलरची कड चेहऱ्याच्या मानाने किती तीक्ष्ण आहे. सगळ्या कडा सारख्या केल्या की डोके कातरून चिकटवल्यासारखे दिसते. त्या कॉलरची लेस बघा: जवळून ती नुसती पांढऱ्याची टिंबे आणि ओढ आहे, चार पावले मागे गेलात की लेस. तुम्हीही तेवढ्याच ऐवजात ती करून बघा. विणीचा एकेक धागा काढायला लागलात तर थांबा आणि मागे जा.

वाळल्यावर गडद भाग मॅट आणि फिकट पडलेले दिसतील. घाबरून त्यावर आणखी काळा चढवू नका. खालच्या थराने तेल ओढून घेतल्याने असे होते. त्या जागी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, जादा तेल पुसून घ्या. मूळ टोन परत येतो आणि मग ठरवा काय कमी आहे. अंबर लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम सावकाश. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे सगळे लांबते, कॅनव्हास सैल पडतो आणि मागून बुरशीही धरते. चित्र भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नका, आणि कपाटात तर मुळीच नाही; तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते, आणि अंधारात ते पिवळे पडते. शेवटचे वार्निश किमान सहा महिन्यांनी.

एवढे झाले की फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि लहान कॅनव्हासवर तेच डोके आठवणीतून, एका बैठकीत रंगवा. साम्याची चिंता नको. जे आठवले ते तुम्ही शिकलात, जे आठवले नाही ते नुसते उतरवले होते. अशा चित्रात मी पहिल्यांदा हाफटोन शोधते. तो नसेल तर त्या विद्यार्थ्याला परत मूळ फोटोपुढे उभे करते.

आणि मग माणूस. घरातलेच कोणी, ज्यांना वाचत किंवा रेडिओ ऐकत स्वस्थ बसता येते असे. एकाच खिडकीचा उजेड, शक्यतो उत्तरेचा. बाकीच्या खिडक्यांचे पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद. वीस मिनिटे बैठक, पाच मिनिटे विश्रांती. खुर्चीचे पाय फरशीवर खडूने आखून ठेवा. तेच ढीग कालवा. ते जसेच्या तसे जुळणार नाहीत: तुमची आजी पारेखापेक्षा पिवळसर असेल किंवा जास्त लाल, तिची चमक जास्त तेलकट असेल. प्रत्येक ढीग कोणत्या दिशेने सरकवावा लागला ते वहीत लिहा. डोके हलते, उजेड सरकतो, चहा येतो. व्हेलास्केझने या सगळ्यातून काय सोडून दिले असेल हे तेव्हा थोडे उमगते, फोटोसमोर ते कधीच उमगत नाही. पहिले चित्र कॉपीपेक्षा खूपच वाईट होईल. ते ठेवून द्या आणि दुसऱ्या माणसाला बसवा. दोन-तीन डोकी झाल्यावर पुन्हा पारेखाकडे जा. या वेळी तुम्हाला काय विचारायचे आहे ते नक्की माहीत असेल.

राहिला गैर की योग्य हा प्रश्न. संग्रहालयात बसून कॉपी करणे ही युरोपात जुनी, मान्य रीत आहे. लूव्ह्रमध्ये आजही परवाना घेऊन करता येते, फक्त कॉपीचे माप मूळ चित्रापेक्षा वेगळे असावे लागते. आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत कॉपीराइटचे हक्क त्याच्या वारसांकडे असतात. म्हणजे व्हेलास्केझ, रविवर्मा, 1935 मध्ये गेलेले त्रिंदाद, 1944 मध्ये गेलेले धुरंधर यांच्याबाबत अडचण नाही. सा. ल. हळदणकर 1968 मध्ये गेले, गोपाळ देऊसकर 1994 मध्ये. त्यांच्या चित्रांची कॉपी घरी अभ्यासापुरती ठेवा. हयात चित्रकाराची कॉपी परवानगीशिवाय कुठेही लावू नका.

मूळ चित्रकाराची सही कॉपीवर करायची नाही, गंमत म्हणूनही नाही. कॅनव्हासच्या मागे न पुसणाऱ्या रंगाने लिहा: व्हेलास्केझच्या 'हुआन दे पारेखा'वरून अभ्यासप्रत, तुमचे नाव, वर्ष. समोर सही नसली तरी चालेल. कोणी विकत मागितली तर द्या, पण पावतीवरही कॉपी असेच लिहा. स्पर्धेला मात्र ती पाठवू नका. तिथे आजींचे डोके पाठवा, नाक थोडे वाकडे आले असले तरी.